ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअर : बिघाड कसा ओळखावा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत पेरणीयोग्य वापसा फार थोडे दिवस टिकतो. मृगाचा पाऊस उघडला की मोजक्या दिवसांत कपाशी, मका, तूर, सोयाबीनची कामे उरकावी लागतात. नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टरचा क्लच गेला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते. क्लच प्लेट बदलण्यासाठी बहुतेक ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. त्यात हंगामामुळे गॅरेजमध्ये रांग असते आणि तोवर वापसा निघून जातो. मी पीकशास्त्राचा माणूस आहे, मेकॅनिक नाही. परंतु उशिरा पेरणीची कारणे विचारत गेलो, तेव्हा ‘ट्रॅक्टर उभा होता’ हे उत्तर इतक्यांदा ऐकले की हा विषय शिकून घ्यावा लागला.

क्लच बहुधा अचानक जात नाही. तो आधी काही आठवडे, कधी काही महिने लक्षणे दाखवतो. ही लक्षणे चालकाच्या सीटवर बसून, विशेष अवजारांशिवाय ओळखता येतात. बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवूनच ट्रॅक्टर खोलायला द्यावा, यासाठी तपासणीची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

क्लचचे काम

इंजिनच्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. स्प्रिंगच्या दाबाने ती घट्ट धरलेली असते. प्लेटचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला असल्याने इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की रॉड व फोर्कमुळे रिलीज बेअरिंग पुढे सरकते, ते प्रेशर प्लेटच्या फिंगर्स दाबते आणि प्लेट मोकळी होते.

म्हणजे क्लचकडून दोनच अपेक्षा असतात. धरताना पूर्ण धरावे आणि सोडताना पूर्ण सोडावे. त्यामुळे त्याचे मुख्य दोषही दोनच :

१. क्लच घसरणे (स्लिप होणे) : पेडल सोडलेले असूनही प्लेट पूर्ण पकड घेत नाही.
२. क्लच न सुटणे : पेडल पूर्ण दाबूनही प्लेट थोडी फिरत राहते, त्यामुळे गिअर कर्रकर्र वाजत पडतो.

हे दोन्ही दोष एकमेकांच्या उलट आहेत, पण दोन्हींची सुरुवात अनेकदा एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे पेडलची चुकीची मोकळी चाल. ती मोजायला स्केलपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

आपल्या ट्रॅक्टरचा क्लच कोणता?

- एकेरी क्लच : पेडल दाबले की चाके आणि पीटीओ दोन्हींची ताकद तुटते.
- दुहेरी क्लच : पेडल अर्धे दाबले की चाकांची ताकद तुटते, पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो.
- स्वतंत्र पीटीओ क्लच : पीटीओसाठी वेगळा लिव्हर किंवा नियंत्रण असते.

दुहेरी क्लचमध्ये दोन प्लेट असतात, त्यामुळे एक चांगली आणि दुसरी खराब असे होऊ शकते. ट्रॉली व्यवस्थित ओढतो पण रोटाव्हेटर किंवा श्रेडर भारात मंदावतो आणि इंजिनचा वेग मात्र पडत नाही, असे असेल तर पीटीओच्या प्लेटचा संशय घ्यावा. काही मॉडेलमध्ये हायड्रॉलिक पंपही पीटीओ शाफ्टवरून चालतो. अशा ट्रॅक्टरमध्ये पेडल पूर्ण दाबल्यावर औजार उचलले जात नाही. हा दोष नसून रचना आहे.

आधी खात्री करा : क्लच, चाक की इंजिन?

‘ट्रॅक्टर ओढत नाही’ या एकाच तक्रारीमागे तीन वेगळी कारणे असू शकतात. चालकाशिवाय दुसऱ्या व्यक्तीने सुरक्षित अंतरावर बाजूला उभे राहून पाहावे.

- चाक फिरते, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही : जमिनीत चाक घसरते आहे. रानात ओल जास्त आहे, टायर झिजले आहेत किंवा मागे वजन कमी आहे. क्लचला हात लावू नये.
- इंजिनचा आवाज दबतो, आरपीएम पडतो, काळा धूर येतो : इंजिनवर भार जास्त आहे किंवा इंजिन कमी ताकद देते आहे. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पाहावेत. उन्हाळी मशागतीच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो.
- इंजिनचा वेग तसाच राहतो किंवा वाढतो, पण चाक मंदावते : क्लच घसरतो आहे. सोबत जळल्यासारखा उग्र वास आला तर खात्री समजावी.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

- ट्रॅक्टर सपाट, मोकळ्या जागेत उभा करावा. औजार जमिनीवर टेकवावे, ट्रॉली सोडावी.
- पीटीओ बंद करावा. पुढे-मागे कोणी उभे नसावे. मुलांना दूर ठेवावे.
- दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडून घ्यावेत आणि ब्रेक चांगले लागतात याची खात्री करावी.
- ट्रॅक्टरखाली किंवा रॉडजवळ हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअर न्यूट्रल ठेवून हँडब्रेक लावावा आणि चाकांना मोठे दगड लावावेत.

पहिली तपासणी : पेडलची मोकळी चाल

इंजिन बंद ठेवून पेडल पायाने नव्हे, हाताने हळू दाबावे. सुरुवातीला ते हलके जाते, कारण तेथे फक्त परतीच्या स्प्रिंगचा जोर असतो. मग एका जागी ते एकदम जड लागते. त्या जागेपर्यंत पेडलने कापलेले अंतर म्हणजे मोकळी चाल. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात. अनेक ट्रॅक्टरमध्ये ती २० ते ३० मिमीच्या आसपास असते. मॉडेलनुसार फरक असल्याने आपल्या ट्रॅक्टरचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगर्स रिलीज बेअरिंगच्या जवळ येतात. त्यामुळे वापरासोबत मोकळी चाल आपोआप कमी होत जाते. ती शून्यावर आली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग फिंगर्सना सतत टेकून राहते. प्लेटवरचा दाब कमी होतो, क्लच घसरू लागतो आणि बेअरिंगही झिजते. उलट, रॉडच्या पिना व छिद्रे झिजून किंवा चुकीच्या जुळवणीमुळे चाल जास्त झाली, तर पेडल तळाला टेकले तरी प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर वाजतात.

चाल जुळवताना :

१. पेडल आणि फोर्कचा लिव्हर जोडणाऱ्या रॉडवरील लॉकनट ढिला करावा.
२. रॉड किंवा त्याचे टोक एक-दोन आटे फिरवून पुन्हा पेडलजवळ चाल मोजावी. कोणत्या बाजूला फिरवल्यावर चाल वाढते हे मॉडेलनुसार बदलते. म्हणून अंदाजाने न फिरवता प्रत्येक वेळी मोजावे.
३. आकडा जुळल्यावर लॉकनट घट्ट करून पुन्हा एकदा मोजावे. काही वेळा नट आवळताना रॉड फिरतो.
४. पिना, कॉटर पिन आणि परतीची स्प्रिंग तपासावी. सांध्यांना ग्रीस किंवा तेलाचे थेंब द्यावेत.

चाल जुळवल्यावर दोष गेला तर तेवढेच काम पुरेसे आहे. रॉडवर जुळवायला आटेच उरले नसतील, तर प्लेट झिजण्याच्या शेवटाला आली आहे असे समजून हंगामापूर्वी दुरुस्तीचे नियोजन करावे.

दुसरी तपासणी : घसरण

ही चाचणी मोकळ्या मैदानात, समोर भरपूर जागा असतानाच करावी. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून धरावेत. हाय रेंजमधील सर्वांत वरचा गिअर टाकून इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवावे आणि क्लच सावकाश सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच दबते आणि बंद पडते. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले आणि ट्रॅक्टर जागेवरच राहिला, तर क्लच घसरतो आहे. ट्रॅक्टर पुढे सरकू लागला तर ब्रेक कमजोर आहेत. आधी तेच दुरुस्त करावेत. चाचणी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नये आणि वारंवार करू नये, अन्यथा चाचणीतच प्लेट जळेल.

थोडीशी घसरण चालवून घेण्याची सवय महागात पडते. ४५ एचपी म्हणजे सुमारे ३३ किलोवॉट. पूर्ण भारात केवळ १० टक्के घसरण झाली तरी ३.३ किलोवॉट उष्णता क्लचमध्येच तयार होते. दीड किलोवॉटच्या दोन विजेच्या शेगड्या बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखे हे आहे. या उष्णतेने प्लेट जळतेच, शिवाय फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही तडकतात. प्लेटपुरता असलेला खर्च मग पूर्ण संचाचा होतो.

मोकळी चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर कारणे अशी :

- प्लेटचे अस्तर झिजून रिबिटांपर्यंत आले आहे.
- प्लेटवर ऑइल आले आहे.
- प्रेशर प्लेटच्या स्प्रिंग उष्णतेने कमजोर झाल्या आहेत.
- पेडल किंवा फोर्कचा शाफ्ट गंजून अडकतो आहे, त्यामुळे पेडल पूर्ण परत येत नाही.

प्लेटवर ऑइल आले का, हे ट्रॅक्टर न खोलता पाहता येते. अनेक ट्रॅक्टरमध्ये क्लच हाऊसिंगच्या तळाशी लहान छिद्र असते; त्यात कॉटर पिन लोंबत असते. छिद्र मातीने बुजले असल्यास मोकळे करावे. तेथून ऑइल ठिबकत असेल तर इंजिनच्या मागचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढचे ऑइल सील गळते आहे. ऑइल काळे, पातळ आणि इंजिन ऑइलसारखे असेल तर इंजिनचे सील. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे सील असण्याची शक्यता जास्त.

फुलंब्री तालुक्यातील एका शिवारभेटीत एका शेतकऱ्याने एकाच वर्षात दोनदा क्लच प्लेट बदलल्याचे सांगितले. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर खोलायला तो निघाला होता. हाऊसिंगचे छिद्र वाळलेल्या चिखलाने बंद होते. ते उघडताच ऑइलची धार लागली. दोन्ही वेळा प्लेट नवी बसली, गळके सील मात्र जुनेच राहिले होते. सील बदलल्यावर त्याची तक्रार थांबली. प्लेट का गेली हे समजल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये.

तिसरी तपासणी : क्लच सुटतो का?

१. इंजिन बंद असताना सर्व गिअर टाकून पाहावेत. दात समोरासमोर आल्याने एखादा गिअर अडला, तर दुसरा गिअर टाकून पुन्हा प्रयत्न करावा.
२. इंजिन सुरू करून कमी आरपीएमवर ठेवावे. क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स गिअर टाकावा.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना थांबूनही वाजतात, तर क्लच सुटत नाही. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असतील तर दोष लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा. आणखी एक सोपा नियम : सगळेच गिअर वाजत असतील तर क्लच, एकच गिअर वाजत असेल तर गिअरबॉक्स.

क्लच न सुटण्याची कारणे : मोकळी चाल जास्त असणे, फोर्क किंवा त्याचा शाफ्ट झिजणे, फिंगर्सची उंची समान नसणे, प्लेट वाकणे, प्लेटचा मधला भाग शाफ्टच्या खाचांवर गंजून चिकटणे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटू शकते. त्यामुळे काम नसतानाही ट्रॅक्टर छपराखाली ठेवून अधूनमधून सुरू करावा, क्लच दाबावा आणि थोडा चालवावा. दीर्घकाळ उभा ठेवायचा असल्यास पुस्तिकेत सांगितले असेल तर पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवावे.

चौथी तपासणी : आवाज आणि हादरे

गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद आणि इंजिन कमी आरपीएमवर ठेवून ऐकावे. दुहेरी क्लच असल्यास पेडल शेवटपर्यंत दाबावे.

- पेडल दाबताच आवाज सुरू होतो, सोडताच थांबतो : रिलीज बेअरिंग खराब.
- पेडल सोडलेले असताना आवाज येतो, दाबल्यावर थांबतो : गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग खराब.
- गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून धरल्यावरच घरघर येते : फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग तपासावे.
- क्लच सोडताना ट्रॅक्टर धक्के देत, थरथरत निघतो : प्लेटवर ऑइलचे डाग, प्लेटच्या स्प्रिंग तुटणे, फिंगर्सची असमान उंची किंवा फ्लायव्हीलवर उष्णतेचे चट्टे.

फिंगर्सची उंची जुळवणे, तसेच दुहेरी क्लचच्या पीटीओ टप्प्यातील फट गेजने जुळवणे ही कामे प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. डोळ्याच्या अंदाजाने जुळवल्यास नवी प्लेटही एका बाजूने झिजते.

गिअरबॉक्समधील दोष

गिअर निसटणे : भार आला किंवा भार सुटला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. आधी लिव्हरखाली चिखल, दोरी किंवा मॅट अडकली आहे का पाहावे. गिअर आणि हाय-लो लिव्हर पूर्ण बसतात का ते पाहावे. ते ठीक असेल तर गिअर जागेवर धरणारी गोळी व स्प्रिंग, फोर्क, गिअरचे दात किंवा बेअरिंग झिजले आहे. लिव्हर हाताने धरून किंवा दोरीने बांधून काम चालवू नये. त्याने फोर्क आणखी झिजतो आणि उतारावर हा गिअर सुटला तर जीवावर बेतते.

गिअर जड जाणे : ऑइलची पातळी आणि रंग पाहावा. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे; ओढा ओलांडल्यावर किंवा प्रेशरने धुतल्यावर हे होते. असे ऑइल त्वरित बदलावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, बारीक लेप असणे सामान्य आहे. धातूचे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर ट्रॅक्टर चालवणे थांबवावे.

चुकीचे ऑइल : अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइलमधील ब्रेक यांना एकच ऑइल लागते. तेथे दुकानात मिळेल ते ९० नंबरचे गिअर ऑइल टाकल्यास लिफ्ट मंदावते, ब्रेक वाजतात आणि गिअर जड होतात. पुस्तिकेत दिलेला प्रकारच वापरावा.

चालकाची घाई : बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर चालत्या स्थितीत बदलण्यासाठी नसतात. कारप्रमाणे चालता चालता रेंज बदलल्यास दातांच्या कडा तुटतात. ट्रॅक्टर थांबवून, क्षणभर वाट पाहून गिअर टाकावा.

पिकअप आणि कारमध्ये वेगळे काय?

भाजीपाला, आले, मोसंबी बाजारात नेणाऱ्या पिकअपला आणि घरच्या कारलाही वरील चाचण्यांचे तत्त्व लागू आहे. फरक तीन ठिकाणी पडतो.

- काही वाहनांत रॉडऐवजी केबल असते. पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर केबलच्या तारा तुटत आहेत. ती वाटेत तुटण्याआधी बदलावी.
- हायड्रॉलिक क्लच असल्यास पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि दोन-तीन वेळा दाबल्यावरच गिअर पडतो. म्हणजे प्रणालीत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे. टाकीतील द्रवाची पातळी पाहावी. झाकणावर लिहिलेला प्रकारच भरावा. इंजिन ऑइल कधीही टाकू नये, रबरी सील फुगून निकामी होतात.
- पुढच्या गिअरना सिंक्रोमेश असतो. एकच गिअर, उदा. दुसरा, टाकतानाच कर्र आवाज येत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. क्लच बदलून हा दोष जाणार नाही.

जमीन, औजार आणि क्लचचे आयुष्य

क्लचवरचा भार शेतात ठरतो. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन विटेसारखी कडक होते. त्या वेळी पलटी नांगर पूर्ण खोलीवर घातला तर ओढ कितीतरी वाढते. रब्बीचे पीक निघाल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरट केल्यास ओढ कमी लागते, ढेकळेही कमी निघतात. उशीर झालाच, तर एका पाळीत पूर्ण खोली गाठण्याऐवजी कमी खोलीवर दोन पाळ्या द्याव्यात.

- औजाराची रुंदी ट्रॅक्टरच्या एचपीनुसार निवडावी. मोठा रोटाव्हेटर ‘अर्धा क्लच’ मारून चालवणे म्हणजे प्लेट जाळणे.
- पऱ्हाटीचा श्रेडर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र कमी आरपीएमवर जोडावे; ते फिरू लागल्यावर हळूहळू वेग वाढवावा.
- एका जागी उभे राहून पीटीओवर मळणी किंवा जनरेटर चालवताना गिअर न्यूट्रल ठेवावा आणि पाय पेडलवरून काढावा.
- काम करताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. बुटाचे वजनही बेअरिंग दाबून ठेवायला पुरते.
- भार वाढला तर क्लच दाबून इंजिनला श्वास देण्याऐवजी खालचा गिअर टाकावा.
- भरलेली ट्रॉली नेहमी खालच्या गिअरमध्ये उठवावी.

घाटात क्लच दाबून उतरू नये

पैठण, गंगापूर भागातील ऊस वाहतूक असो वा कन्नडच्या औट्रम घाटातून चाळीसगावकडे जाणारा माल, उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडणे जीवघेणे आहे. क्लच दाबताच इंजिनचा रोध संपतो आणि ट्रॉलीचे सगळे वजन ब्रेकवर येते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती ट्रॅक्टरला ढकलत नेते. एकदा वेग वाढल्यावर पुन्हा गिअर पडत नाही.

खालचा गिअर टाकलेला असताना क्लच दाबून उतरणे तर आणखी धोक्याचे आहे. समजा, एखादा गिअर २००० आरपीएमला ताशी ५ किमी वेग देतो. त्याच गिअरमध्ये क्लच दाबून ताशी २० किमी वेगाने उतरलो, तर चाके क्लच प्लेटला ८००० आरपीएमने फिरवतात. इतक्या वेगात प्लेटचे अस्तर फुटून उडू शकते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच थांबून खालचा गिअर टाकावा, दोन्ही ब्रेक जोडावेत आणि क्लच पूर्ण सोडलेला ठेवावा. क्लच घसरत असेल किंवा गिअर निसटत असेल, तर असा ट्रॅक्टर घाटात नेऊच नये. कारण अशा क्लचमध्ये इंजिनचा रोधही भरवशाचा नसतो.

खोलावेच लागले तर

दुरुस्तीच्या वेळी शक्यतो स्वतः हजर राहावे आणि जुनी प्लेट पाहून घ्यावी. ती बिघाडाचे कारण सांगते.

- अस्तर सगळीकडे सारखे झिजलेले : नैसर्गिक झीज.
- अस्तर ओले, काळे, चकचकीत : ऑइल गळती. सील बदलल्याशिवाय जोडणी करू नये.
- फ्लायव्हील व प्रेशर प्लेटवर निळे डाग, बारीक तडे : अति उष्णता. भार, सवय किंवा मोकळी चाल चुकली आहे.
- एका बाजूला जास्त झीज : फिंगर्सची जुळवणी चुकली आहे.
- मधल्या खाचा झिजलेल्या किंवा स्प्रिंग तुटलेल्या : धक्क्याने क्लच सोडण्याची सवय.

ट्रॅक्टर खोललाच असेल तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही ऑइल सील यांची स्थिती त्याच वेळी पाहावी. या लहान भागांसाठी पुन्हा तेवढेच काम करावे लागू नये. फ्लायव्हीलवर खोल चरे असतील तर ते घासून सपाट करून घ्यावे. जोडणीनंतर मोकळी चाल मोजून लिहून ठेवावी आणि पहिले काही तास हलक्या कामावर चालवून ती पुन्हा तपासावी.

मेकॅनिकला ‘क्लच गेला’ एवढेच न सांगता पुढील माहिती द्यावी : अवरमीटरचा आकडा, मोकळी चाल किती मिमी, कोणत्या गिअरमध्ये व कोणत्या कामात त्रास होतो, थंड की गरम असताना, छिद्रातून ऑइल येते का, मागील दुरुस्तीत काय बदलले.

तपासणीचे वेळापत्रक

- दररोज : पेडल पूर्ण परत येते का, हाऊसिंगखाली ऑइलचे थेंब आहेत का.
- पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार, तसेच जड कामाच्या हंगामात दर आठवड्याला : मोकळी चाल मोजणे, सांध्यांना वंगण.
- मार्च-एप्रिल : वरील चारही तपासण्या, गिअर ऑइलची पातळी व रंग. दुरुस्ती लागणार असेल तर याच काळात करावी.
- मे अखेर : एक शेवटची तपासणी, पेरणी यंत्र जोडून थोडे चालवून पाहणे.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे उगवण चाचणीसोबत ही तपासणीही गावात एका ट्रॅक्टरवर करून दाखवावी. अधिक मार्गदर्शनासाठी पैठण रोडवरील कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संपर्क साधावा. ट्रॅक्टर चालवणे व देखभालीचे प्रशिक्षण मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेतही दिले जाते.

आज ट्रॅक्टर उभा असेल तर स्केलपट्टी घेऊन मोकळी चाल मोजावी आणि आकडा तारखेसह अवरमीटरच्या वहीत लिहावा. पुढच्या महिन्यात तो कमी झालेला दिसला, तर पेरणीच्या आधी हाताशी किती वेळ आहे हे तेव्हाच कळेल.